एका वाचकासाठी पेपर

विजूताईच्या फोनचं पहिलं बटण दाबलं की तो पुण्याला तिच्या मुलाला, निखिलला लागतो. तिला आकडे दिसत नाहीत म्हणून त्यानंच तशी सोय करून दिली होती. त्यामुळे इथे रत्नागिरीतच, तिच्यापासून रिक्षानं पाच-सात मिनिटांवर राहणाऱ्या मला भावोजी गेल्याची बातमी पुण्याहून कळली. “मावशी, तू आधी घरी पोच, आई एकटी आहे,” एवढंच निखिल म्हणाला. मी पोचले तेव्हा ताई पलंगाच्या कडेला बसली होती. भावोजींचा हात हातात होता. चहा घेतल्यावर जरा पडतो म्हणाले आणि परत उठलेच नाहीत, असं तिनं सांगितलं. आवाज अगदी नेहमीचा होता... मग म्हणाली, “चष्मा काढून ठेव गो त्यांचा. मला सापडत नाहीये.”

या गोष्टीला आता दीड महिना होऊन गेला. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. उमेदीची सगळी वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली. तिथल्या आवाजामुळे कान थोडे अधू झालेले, म्हणून बोलत ते मोठ्यानं, पण बोलत फार कमी. बोटीवरून येणारी त्यांची पत्रं चार ओळींची असत. तब्येत ठीक आहे, पुढचं बंदर अमुक, पैसे पाठवले, काळजी घे. ताई मात्र वाचनवेडी. वाचनालयातून आणलेलं पुस्तक ती चुलीवरची आमटी उतू गेली तरी संपवूनच उठायची. निवृत्त होऊन भावोजी कायमचे घरी आले तेव्हा मला गंमत वाटली होती, ही दोघं दिवसभर एकमेकांशी बोलणार तरी काय?

मग ताईचे डोळे गेले. पूर्ण नाही, पण दृष्टीचा मधला भाग पुसट होत गेला. समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, कडेचं दार दिसतं, असा तो विचित्र आजार. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली आणि आहे ते टिकलं तरी खूप, असं सांगितलं. पेपरातली अक्षरं गेली, पुस्तकं गेली. मी जाऊन वाचून दाखवायचे, निखिलनं ऐकायची पुस्तकं फोनमध्ये घालून दिली. तिनं चार दिवस ऐकलं आणि बंद केलं. म्हणाली, “दुसऱ्याच्या आवाजात ते दुसऱ्याचं होतं. मला माझ्या चालीनं वाचायचंय.” त्यानंतर ती खिडकीशी नुसती बसून राहायला लागली. वाचनालयाचं कार्डही तिनं परत पाठवलं. ते नेऊन देणारे भावोजीच होते.

त्याच आठवड्यात ते माझ्या घरी आले. खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “शोभा, जुन्या कॉम्प्युटरवर पेपर कशात बनवायचा?” मी इथल्या एका छापखान्यात बरीच वर्षं डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावायचं काम, केलं. लग्नपत्रिका, स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल, सगळं माझ्या हाताखालून गेलेलं. त्यामुळे प्रश्न मला कळला, पण पेपर कुणासाठी ते कळेना. “विजूसाठी,” ते म्हणाले, “मोठ्या अक्षरांचा. दर शनिवारी.”

कॉम्प्युटर होता निखिलच्या कॉलेजच्या दिवसातला. मागच्या खोलीत, कापडाच्या झाकणाखाली. निखिल नवा लॅपटॉप पाठवतो म्हणाला तर भावोजींनी नको सांगितलं. चालू असलेलं मशीन भंगारात घालायचं त्यांच्या जिवावर यायचं, आणि लॅपटॉपची चपटी बटणं त्यांच्या जाड बोटांना जमत नव्हती. मी जाऊन पाहिलं. मेमरी बेताची, विंडोज जुनी. छापखान्यात आम्ही वापरायचो तो मोठा प्रोग्राम त्यावर चढणं शक्यच नव्हतं. त्याची एक जुनी कॉपी ओळखीत मिळाली असती, तीही फुकट. पण भावोजींनी विचारलं, “पावती मिळेल?” चोरून केलेली कॉपी, पावती कुठली, मी म्हणाले. “मग नको,” ते म्हणाले.

दुसरा प्रोग्राम होता पानं लावायचाच, पण रीतसर फुकट मिळणारा. त्याची नवी आवृत्ती या मशीनवर चालेना, म्हणून आम्ही जुनी घातली. दिसायला झकास. भावोजींनी एका बोटानं टाइप करून पहिलं पान केलं. वर मोठ्या अक्षरात ताईचं नाव, खाली दोन ओळी. छापून तिच्या हातात दिलं. ती खिडकीशी गेली, कागद डोळ्यांजवळ आणून मान तिरकी केली. अशी मान वळवली की कडेच्या नजरेत अक्षरं येतात, हे तिला तेव्हाच समजलं. बराच वेळ बघून म्हणाली, “वजिया कोण?”

त्या जुन्या आवृत्तीला मराठी धड येत नव्हतं. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायला हवी ती नंतर पडत होती, जोडाक्षरं मोडत होती. विजयाची वजिया झाली होती. ताई हसायला लागली. डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसली, मीही हसले. कित्येक महिन्यांनी त्या घरात असं हसू झालं असेल. भावोजी मात्र हसले नाहीत. कागद परत घेऊन घडी घालत म्हणाले, “जो हिचं नाव चुकवतो तो नको.”

मग मी माझ्या सवयीचा उपाय काढला. आमच्या वेळचे जुने मराठी फॉन्ट, आणि ते ज्यात चालतात तो जुना हलका प्रोग्राम. वेलांट्या जागेवर, मशीनही पळतं. पण निखिलची मुलगी आजीला मोबाइलवर मराठीत लिहायची, तो मजकूर त्यात आणला की नुसते चौकोन उमटायचे. तो पुन्हा टाइप करावा लागेल, मी म्हणाले. भावोजींना ते पटेना. नातीनं केलेल्या चुकांसकट ते आजीपर्यंत पोचलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. शेवटी राहिला तो पत्रं लिहायचा साधा, फुकट मिळणारा प्रोग्राम. त्याची या मशीनला झेपेल अशी आवृत्ती शोधून घातली. नाव बरोबर आलं, नातीचा मजकूरही आला. तरी माझ्यातली डीटीपीवाली कुरकुरत होती. यात चौकटी हलतात, कॉलम नीट बसत नाहीत, हे पेपरचं काम नव्हे.

“वाचक एक आहे गो,” भावोजी म्हणाले. “तिला कॉलम कशाला?”

तेव्हा एकाच कॉलमचा पेपर ठरला. अक्षर किती मोठं, किती ठळक, दोन ओळींत किती जागा, हे सगळं ताईनं खिडकीशी उभं राहून ठरवलं. चकचकीत कागदावर उजेड परततो म्हणून पिवळसर कागद आणला. एका पानावर जेमतेम आठ-दहा ओळी मावायच्या. पुढे जवळजवळ तीन वर्षं, एक-दोन आजारपणं सोडली तर, शनिवार चुकला नाही. भावोजी रोज सकाळी मिरकरवाड्याच्या बंदरावर मासे आणायला जात आणि बातम्याही घेऊन येत. कुठली बोट आली, बर्फाचा भाव का चढला, कुणाच्या आंब्याच्या कलमाला मोहोर आला, सोसायटीचं पाणी कधी येणार. “आज सौंदाळे नव्हते. बांगडे आणले. कालवण परवापेक्षा बरे झाले,” अशी त्यांची वाक्यं. ताई जाड स्केचपेननं शुद्धलेखन तपासायची आणि ते गुपचूप दुरुस्त करायचे.

हळूहळू बातम्यांखाली आणखी काही यायला लागलं. बोटीवरचं काही, लहानपणचं काही. एका शनिवारी मी गेले होते. भावोजी ओट्यापाशी मासे साफ करत होते आणि ताई पान घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. त्या अंकात त्यांनी निखिलच्या जन्माच्या दिवसाबद्दल लिहिलं होतं. बोट भर समुद्रात होती. निरोप आला तेव्हा ते खाली इंजिनपाशी, काही ऐकू येईना. तेव्हा गुहागरकडच्या एका ऑइलमननं, इंजिनाला तेल घालणाऱ्या खलाशानं, खडूनं लोखंडी फरशीवर लिहून दाखवलं, ‘मुलगा’. बंदर येईपर्यंत भावोजींनी ती अक्षरं कुणाला पुसू दिली नाहीत. फरशी धुवायची वेळ आली की त्यावर ताटली पालथी घालायचे. घरी मात्र त्यांचं पत्र आलं होतं, निरोप मिळाला, तब्येत सांभाळ.

“तुम्हाला आनंद झाला की नाही, तेच मला कळलं नव्हतं,” ताई म्हणाली. “इतकी वर्षं ते डोक्यात होतं.”

भावोजींनी नळ बंद केला. हात तसेच ओले. “तोंडानं सांगायला गेलो असतो तर जमलं नसतं,” ते म्हणाले. “लिहिताना कळलं, लिहिता येतं ते.”

जवळ जाऊन तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली. मी बाहेर गॅलरीत गेले...

दिवसकार्य झाल्यावर निखिल आईला पुण्याला चल म्हणत होता. ताईनं अजून हो म्हटलेलं नाही. गेल्या आठवड्यात तिनं मला मिरकरवाड्याला घेऊन चल म्हणून सांगितलं. ती कधी तिथे जात नसे. माझा दंड धरून ती ओल्या फरशीवरून जपून चालत होती. भावोजी ज्यांच्याकडून मासे घ्यायचे त्या रझियाबाईंनी मला भावोजींच्या बरोबर पाहिलेलं होतं, त्यामुळे ताई कोण ते त्यांनी ओळखलं. काका गेल्याचं त्यांना कळलं होतं. त्यांनी ताईचा हात धरून तिला शेजारी बसवलं. मग रझियाबाई म्हणाल्या, “काकी, काका रोज विचारायचे, आज बातमी काय. माझी मुलगी नर्सिंगला लागली. ते सांगायचं राहिलं बघा.”

“मला सांगा,” ताई म्हणाली. कुठल्या कॉलेजात, हॉस्टेल मिळालं का, सोडायला कोण गेलं होतं, सगळं तिनं नीट विचारून घेतलं. परत येताना रिक्षात ती ही बातमी मनाशी घोळवत होती. घरी आल्यावर मासे ओट्यावर ठेवले आणि तिनं मला मागच्या खोलीत नेलं. भावोजी गेल्यापासून तिथे कुणी बसलं नव्हतं. मी कॉम्प्युटरवरचं झाकण काढलं, बटण दाबलं. पंखा घरघरला, पडदा काळाच. मी म्हटलं, याला वेळ लागेल, तू तोवर पड जरा. ताईनं दुसरी खुर्ची चाचपून जवळ ओढली आणि माझ्या शेजारी बसली.

“हा सुरू होईपर्यंत ते काही बोलायचे नाहीत,” ती म्हणाली. “मी इथेच बसायचे. नंतर ते लिहायला लागायचे...”

आम्ही दोघी पडदा उजळायची वाट बघत बसून राहिलो.