लोखंड्याचा आवाज

सलीम गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाशी चादरींच्या भावावरून भांडत होतो. त्याच तावात फोनवर खेकसलो, "काय मस्करी लावलीय?" ... त्याचा चाळिसावा दिवस झाला, तरी त्याच्यावरचा माझा राग उतरला नव्हता.

राग जुना. मी गुलमंडीत रस्त्याकडेला कापड विकायचो, तेव्हा मागच्या खोलीत सलीमचं व्हिडिओ सेंटर होतं. इंग्रजी सिनेमे कुणाला कळायचे नाहीत, म्हणून हा टीव्हीचा आवाज बंद करून शेजारी स्टुलावर बसायचा आणि सगळ्यांचे संवाद स्वतःच म्हणायचा. सर्वांत जास्त चालला तो भविष्यातून आलेल्या लोखंडी माणसाचा सिनेमा. या बाबानं त्याला माझा आवाज दिला! समोर बंदुका रोखलेली टोळी, आणि लोखंड्या माझ्यासारखा ओरडतोय, "घ्यायचं तर घे, नाय तर हो बाजूला! अजून बोहनी नाय झाली!" खोली हसून लोळायची. पुढं मी स्वतःचं दुकान टाकलं, तरी बाजारात माझं नाव गोविंद नाही, 'लोखंड्या'च राहिलं. मी भांडायला गेलो की तो म्हणायचा, "अरे, हिरो बनाया तेरेकू, वो भी फुकट में!" भल्याभल्यांना भावात वाकवणारा मी... याच्याकडून एक माफी काही मिळवू शकलो नाही.

परवा त्याच्या बायकोनं, भाभींनी, बोलावून घेतलं. त्याच सिनेमाची कॅसेट लावली. या वेळी टीव्हीचा आवाज सुरू होता. लोखंडी माणूस इंग्रजीत दोन-चार शब्द बोलला. कुणी परकाच वाटला. शेवटी त्यानं कोसळतं छत खांद्यावर पेललं, माणसं बाहेर पळाली, आणि भाभींचा हात बटणाकडं गेला. "इथंच बंद करायचे ते." खरंच की. टीव्ही बंद करून सलीम सांगायचा, "लोखंड्या बाहेर आला, दुकान उघडायला गेला. चलो, खोली खाली करो!"

"राहू द्या, बघू तरी," मी म्हणालो. छत खाली आलं. तो उठलाच नाही.

"मी विचारलं होतं, लोकांना खोटं का सांगता?" भाभी हळूच म्हणाल्या. "तर म्हणाले, आवाज गोविंदचा लावला ना... अब उसकू कैसे मारूँ?"

मी कॅसेट मागं घेतली, आवाज बंद केला आणि त्याच्या स्टुलावर बसलो. छत खांद्यावर येताच बटण दाबलं.

"बाहेर आला, भाभी. दुकान उघडायला गेला. चलो, खोली खाली करो."

आम्ही दोघंही उठलो नाही.