कोचबाईंना गेलेलं उत्तर

नॉटिंगहॅमच्या मराठी मंडळींत काशीनाथ ओव्हाळांचा विषय निघाला की दोन गोष्टी हमखास यायच्या. एक त्यांचं अक्षर आणि दुसरी म्हणजे पोरींच्या बास्केटबॉलचं त्यांचं खूळ.

अक्षराचं काय सांगावं! हॉस्पिटलच्या रेकॉर्ड ऑफिसात क्लार्क माणूस, पण कौन्सिलला तक्रार असो की होम ऑफिसला अर्ज, अर्धी मंडळी कागद घेऊन त्यांच्याच दारात. घरात येणारं प्रत्येक पत्र, कुणाच्याही नावाचं असो, तेच फोडायचे आणि उत्तरही तेच लिहायचे. त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटायचंही नाही.

आणि खूळ म्हणजे ट्रेंटसाइड कॉलेजची टीम. ऑक्टोबर ते एप्रिल, दर शनिवारी, जिमच्या कोपऱ्यातल्या बाकावर ओव्हाळ हजर. मफलर, चहाचा फ्लास्क आणि पोरींना वाटायला डबाभर चिवडा. सोळा ते एकोणीस वर्षांच्या त्या पोरी अकरा सीझनमध्ये फक्त सहा मॅच हरल्या होत्या, आणि त्या सहाही ओव्हाळांना तारखेनिशी पाठ.

"काशीनाथराव, जिंकणाऱ्यांच्या मागे कोणीही उभं राहील," त्यांचे मित्र माधवराव चिडवायचे. "यात तुमची कसली मर्दुमकी?"

"जिंकणं बघायला जातो होय मी?" ओव्हाळ उसळायचे. "चाळीस पॉइंटांनी पुढे असताना शेवटच्या मिनिटाला बॉलसाठी जमिनीवर अंग टाकणारी पोर बघितलीय का कधी? या एकदा, मग बोला."

हे खरं होतं. पण पुरतं खरं नव्हतं, आणि ते एकट्या काशीनाथरावांना ठाऊक होतं.

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यातली गोष्ट. त्यांची वीणा तेव्हा सोळा वर्षांची. डावखुरी, चपळ, शाळेच्या टीमची जीव की प्राण. ट्रेंटसाइडची ट्रायल देऊन आली तेव्हा जेवायचंही भान नव्हतं तिला. घेतलं तर सप्टेंबरपासून शाळा सोडून तिकडेच ए लेव्हल, म्हणजे आपली अकरावी-बारावी, करायची आणि टीममध्ये खेळायचं, असा बेत. आठ दिवसांनी पत्र आलं. पोरगी शाळेत, आई कांताबाई होजियरीच्या कारखान्यात, काशीनाथरावांची दुपारची ड्यूटी. त्यांनी सवयीनं पाकीट फोडलं. कोचबाईंनी स्वतः लिहिलं होतं, वीणाची निवड झाली म्हणून.

आता इथे एखाद्या बापानं पेढे वाटले असते. हे गृहस्थ हिशोब मांडत बसले. आठवड्यात चार दिवस प्रॅक्टिस, शनिवारी मॅच, मग अभ्यास कधी? पोरगी डॉक्टर होणार असं त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. चाळीतल्या कंदिलाखाली शिकलेला माणूस, शिक्षण म्हटलं की दुसरं काही दिसायचंच नाही त्यांना. महिन्यापूर्वीच जयंतीच्या सभेत, बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभं राहून त्यांनी भाषण ठोकलं होतं, मुलींना स्वतःचे निर्णय स्वतः घेऊ द्या म्हणून. टाळ्या पडल्या होत्या. आणि त्याच हातानं त्यांनी पेन उचललं आणि वीणाच्या नावानं चार ओळी लिहिल्या. आभारी आहे, विचार केला, अभ्यासामुळे जमणार नाही, माझी जागा दुसऱ्या मुलीला द्यावी. खाली सहीसुद्धा तिचीच. ड्यूटीवर जाता जाता पत्र पेटीत टाकलं.

पुढचे तीन आठवडे वीणा शाळेतून आली की बूट न काढता दारातलं टपाल चाळायची. काशीनाथराव पेपर तोंडासमोर धरून बसायचे. एक दिवस तिनं आपल्या इंग्रजाळलेल्या, मोडक्या मराठीत विचारलं, "बाबा, माझा उंची कमी पडला असेल ना?"

आणि ते म्हणाले, "असेल."

पत्राचं एक वेळ समजून घेता येईल हो. या एका शब्दाची मात्र त्यांना स्वतःलाच कधी माफी देता आली नाही. वीणानं बॉल मागच्या शेडमध्ये टाकला आणि पुन्हा हात लावला नाही. एवढं करून डॉक्टरकीचे मार्क पडलेच नाहीत. ती फार्मसिस्ट झाली.

त्याच वर्षी नोव्हेंबरात काशीनाथराव चोरासारखे ट्रेंटसाइडच्या जिममध्ये शिरले. मनात एकच इच्छा, ही टीम फालतू निघू दे, म्हणजे आपण सुटलो. पोरींनी समोरच्यांचा एक्क्याऐंशी–छत्तीस असा धुव्वा उडवला! पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. दर विजयाला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं व्हायचं, तरी पाय तिकडेच वळायचे. आपण पोरीचं काय काढून घेतलं ते डोळ्यांनी बघत राहणं, एवढीच शिक्षा त्यांना सुचली. पण बघता बघता जीव जडला. कोण पास देताना दुसरीकडे बघते, कुणाचा फ्री थ्रो दडपणाखाली चुकतो, सगळं कळायला लागलं. मॅचमध्ये हरखून ओरडायचे आणि घरी येताना बसमध्ये स्वतःचीच लाज वाटायची.

वीणाला तर ते सहनच व्हायचं नाही. "ती टीम मला रिजेक्ट केली आणि तुम्ही त्यांना चिवडा देता? व्हेरी नाइस, बाबा!" एकदा एवढंच बोलली आणि नंतर तिनं तो विषयच टाकला.

पंच्याण्णव साली कोचबाई रिटायर होणार होत्या. मार्चमध्ये त्यांची घरच्या कोर्टावरची शेवटची मॅच. त्याच वीकेंडला वीणा नोकरीच्या गावाहून, पिनरहून, आली होती. चहा पिता पिता सहज म्हणाली, तिच्या फार्मसीत मॅनेजरची जागा निघालीय, सोमवारपर्यंत अर्ज द्यायचाय.

"मग देतेस ना?"

"नको. मला कोण घेणार, बाबा? एकदा कळलं ना, आपण पुरेशी नाही, मग कशाला पुन्हा पुन्हा ऐकायचं?"

काशीनाथरावांनी बशी खाली ठेवली. अकरा वर्षं! त्या 'असेल'वर पोरीनं अख्खं घर बांधलं होतं आणि आत राहत होती. आता गप्प बसलो तर माणूस म्हणवून घ्यायची लायकी नाही आपली, असं त्यांना वाटलं. सांगितलं तर पोरगी तुटेल हेही दिसत होतं.

"आज माझ्याबरोबर चल," ते म्हणाले. "एकदाच. पुन्हा नाही म्हणणार."

बापाचा आवाज ऐकून ती कशी कोण जाणे तयार झाली.

हाफटाइमला ट्रेंटसाइड बावीस पॉइंटांनी पुढे होती. काशीनाथरावांनी कोटाच्या आतल्या खिशातून कोचबाईंचं ते जुनं पाकीट काढलं आणि वीणाच्या मांडीवर ठेवलं. तिनं पत्र वाचलं. तारीख बघितली. पुन्हा वाचलं.

"मी सिलेक्ट झाले होते?"

"हो."

"मग त्यांना कोण 'नाही' सांगितलं?"

"मी. तुझ्या नावानं. तुझी सही करून."

"काय लिहिलं होतं?"

"बाळा, जाऊ दे ना..."

"मला सगळं ऐकायचंय."

त्यांनी सांगितलं. चारही ओळी तोंडपाठ होत्या, अकरा वर्षं त्यांनी दुसरं घोकलं काय होतं? माझी जागा दुसऱ्या मुलीला द्यावी, इथपर्यंत सगळं. वीणानं आपला कोट काढून बापाच्या मांडीवर टाकला आणि उरलेली मॅच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून बघितली. आयुष्यात पहिल्यांदा काशीनाथरावांना स्कोअर कळला नाही.

मॅच संपली, लोक उठले. कोचबाई दरवेळेसारख्या हसत कोपऱ्याकडे आल्या, आपल्या जुन्या चाहत्याला हात मिळवायला. बाईंनी हात पुढे केला तोच वीणा मध्ये आली.

"मी वीणा ओव्हाळ," ती इंग्लिशमध्ये म्हणाली. "चौऱ्याऐंशी साली तुम्ही मला एक पत्र पाठवलं होतं. ते मला आज मिळालं."

पुढे केलेला हात बाईंनी तिच्या हातात दिला. मग म्हणाल्या, "डावखुरी." आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला कोर्टाकडे घेऊन गेल्या.

वीणानं मागे वळून बघितलं नाही. दिवे घालवायला माणूस आला तरी काशीनाथराव तिचा कोट हातात धरून तिथेच उभे होते.