नावेचा दोर

सरकारविरोधी पत्रकं तापीपार नेणारी नाव कुणाच्या हाती द्यायची, हे म्हातारा नावाडी दोरावरून ठरवणार होता. पोलीस दिसले की गाठ चटकन सुटायला हवी. मी हातसुताचा कोरा, पांढराशुभ्र, स्वदेशी दोर नेला. माझा जोडीदार सातपुड्यातला, त्याला धड वाचताही येत नव्हतं. त्यानं तागाचा खरखरीत दोर आणला. म्हाताऱ्यानं दोन्ही दोर भिजवून गाठी मारल्या. जोडीदाराची सहज सुटली. माझी फुगून दगड झाली.

"भाऊ, तुन्हा दोर भाषणले बरा शे," म्हातारा हसला, "नावले नही."

नाव जोडीदाराला मिळाली. सभा घेतल्या मी, लाठ्या खाल्ल्या मी! पैलतीरी त्यानं नाव बांधलेली मला अलीकडच्या काठावरून दिसली, तेव्हा ती सुटून वाहून जावी असं मला मनापासून वाटलं. पत्रकांसकट.