कुमाबेचं वामपुराण

हामामात्सुतल्या आमच्या भाजलेल्या वामीच्या खानावळीत मी वाढायचं काम करते. कुमाबे नावाचा एक निवृत्त बँक मॅनेजर अधूनमधून पाहुण्यांना घेऊन येतो, पण मासा खायला नव्हे, अक्कल पाजळायला. त्या दिवशी मुलीचे होणारे सासू-सासरे होते. मी वाफाळते डबे समोर ठेवले, तरी याचं सुरूच. म्हणे टोकियोत वाम पाठीतून चिरतात आणि ओसाकात पोटातून. पाहुणे बिचारे मांडीवर हात ठेवून माना डोलवत बसले.

त्याच्या बायकोने, चिझुकोबाईंनी, डब्याचं झाकण काढलं आणि सरळ जेवायला सुरुवात केली.

“अगं, माझं बोलणं चाललंय.”

“चालू द्या की. मला गरम खायचंय.”

सासरेबुवांनी लगेच काड्या उचलल्या, पाठोपाठ सासूबाईंनीही. आता ऐकायला कुणी उरलं नव्हतं, तरी हा थांबला नाही. सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर त्याने आपला गारढोण भात चिवडला आणि मला जवळ बोलावलं.

“आज मासा काही खास नव्हता हं.”

मी वाकून माफी मागितली. वाद घालावा एवढीही त्याची किंमत नव्हती.