दारातल्या चपला

मंडळी, परवा इथेच ग्रुपवर विचारलं होतं, डोळ्यांचा चांगला डॉक्टर सुचवा. पुस्तकातली अक्षरं पुसट दिसायला लागलीत. आमचे हे गेल्यापासून माझी संध्याकाळ वाचनातच जाते, म्हणून घाबरले होते.

उत्तरं भरपूर आली. गाजराचा रस, कुरिअरने येणारे थेंब, फुलांचे फोटो. ज्या डॉक्टरला एकाने देव म्हटलं, त्याला दुसऱ्याने चोर म्हटलं. एकाने तर विचारलं, "काकू, या वयात वाचून काय करायचंय?"

शेवटी आज एकटीच खालापूरला गेले आणि यांची जुनी रीत वापरली. नवा डॉक्टर असला की हे आत शिरायच्या आधी दारात थांबायचे.

"चपला बघ गं. मातीनं भरल्यात, म्हंजे लोकं लांबून आलीत. इथं बसू."

मी म्हणायची, "तुमी डॉक्टर बघायला आलात की चपला?" हे नुसते हसायचे.

आज पहिल्या दवाखान्याच्या दारात एकही चप्पल नव्हती. दुसऱ्याच्या पायरीवर ढीग होता, तिथे बसले. डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. मोतीबिंदू आहे, ऑपरेशननंतर वाचता येईल, म्हणाल्या. जीव भांड्यात पडला.

बाहेर येऊन माझ्या चपला घातल्या, तरी त्या ढिगात बघत उभीच राहिले. मग कळलं, मी यांच्या चपला शोधत होते.

ऑपरेशनला सोबत कुणीतरी आणा, असं बाईंनी बजावलंय. तेव्हा आता उपाय नकोत. त्या दिवशी माझ्यासोबत खालापूरला कोण येईल?