टेंटर लेनचा कांदा

विनीबाई रॅम्सडेन सरकारनं सांगितलेलं सगळं ऐकायची. लढाईच्या दिवसांत यॉर्कशरमध्ये असं करणारी माणसं पुष्कळ होती, पण बहुतेक जण ऐकून घरी जात. विनीबाई ऐकून करून मोकळी होत असे. विमानांसाठी ॲल्युमिनियमची भांडी द्या म्हणाले, तर तिनं रोजची दोन चांगली पातेली नेऊन दिली. तेव्हापासून डोक्यावरून विमान गेलं, की ती मान वर करून आपलं पातेलं कुठल्या बाजूला बसवलं असेल याचा अंदाज घेई. मग लोखंड द्या म्हणाले, तर घरापुढचं कुंपण फाटकासकट गेलं. टेंटर लेनमधली माणसं मात्र सभ्य. मोकळ्या जागेतून आडवं-तिडवं कोणी आत आलं नाही. जिथं फाटक होतं, तिथूनच येत. शेजारचा हर्बर्ट टॅटम तर जाताना नसलेली कडी लावल्यासारखा हातही हलवी. हर्बर्ट गल्लीचा हवाई हल्ल्याचा वॉर्डन होता. रात्री कोणाच्या खिडकीतून उजेडाची चीर दिसते, हे पाहणं त्याचं काम. दिवसा कोणाच्या घरात काय शिजतं हे तो पाही, ते आवडीनं.

युद्धाच्या दुसऱ्या हिवाळ्यात गावातून कांदा नाहीसा झाला. कांदा समुद्रापलीकडून येतो, हे समुद्रापलीकडे जर्मन येऊन बसल्यावर लोकांच्या ध्यानात आलं. नाकानं कांदे सोलणारी माणसं गावात भरपूर होती, हातानं सोलायला मात्र कांदा उरला नाही. अशात पाद्रीणबाईंना, म्हणजे चर्चच्या पाद्रीसाहेबांच्या पत्नी मिसेस फॅनशॉ यांना, कुठूनसा एक कांदा मिळाला. त्यांनी तो केकच्या काचेच्या झाकणाखाली ठेवून विमाननिधीसाठी त्याची सोडत काढायला सुरुवात केली. दर शनिवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये चिठ्ठी निघे. जिंकणारा उठे, कांदा हातात घेई, एकदा हुंगे आणि म्हणे, "विमानासाठी परत घ्या." टाळ्या पडत. कांदा झाकणाखाली जाई. असा नियम कोणी केला नव्हता, त्यामुळे तो मोडण्याची सोयही नव्हती. बँकेच्या मॅनेजरनं परत दिला, शाळेच्या मुख्याध्यापिकेनं दिला, हर्बर्टनं तर डोळ्यांत पाणी आणून दिला. ते देशभक्तीचं की कांद्याचं, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

आणि मग चिठ्ठी विनीबाईची निघाली.

नेमकं त्याच आठवड्यात तिच्या क्लिफचं पत्र आलं होतं. एकुलता मुलगा, लष्करात, वर्षभर दिसला नव्हता. येत्या शनिवारी दोन दिवसांच्या रजेवर येणार होता. तो तिकडे काय करतो हे त्यानं कधी लिहिलं नाही. 'काम गुप्त आहे' एवढंच प्रत्येक पत्रात असे. विनीबाईनं ते गुपित सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. गल्लीनं त्यातून क्लिफला शत्रूच्या सांकेतिक तारा उलगडायला बसवला होता. लहानपणापासून त्याचा जीव एका गोष्टीत अडकलेला, आईच्या हातची, भरपूर कांद्यात परतलेली कलेजी. कलेजी खाटकानं कबूल केली होती. राहिला होता कांदा.

विनीबाई उठली. पाद्रीणबाईंनी परत घेण्यासाठी हात आधीच पुढे केला होता. हॉलनं टाळ्यांसाठी तळवे उचलले होते.

"मी हा घरी नेते," विनीबाई म्हणाली आणि कांदा पिशवीत टाकला.

उचललेले तळवे हळूच मांडीवर गेले. त्या गावात कोणी काही बोललं नाही, की समजावं, फार बोललं गेलं. सोमवारपासून लोक तिच्याशी हवेबद्दल बोलू लागले, पण पावसापर्यंत पोचण्याआधीच थांबत. दुकानापुढच्या रांगेत तिच्या पुढं एक हात जागा आपोआप मोकळी राही. चहाला कोणी बोलावलं नाही. पातेली, कुंपण, सगळी देशसेवा एका कांद्यानं धुऊन नेली.

हर्बर्ट तेवढा बोलला. नसलेलं फाटक उघडून आत आला आणि म्हणाला, "मी काही म्हणत नाही हं, विनी. पण टेंटर लेनमधली एक बाई कांदा घरी नेते हे हिटलरला कळलं, तर त्याला काय वाटेल?"

"भूक लागेल," विनीबाई म्हणाली. पण त्या रात्री तिला झोप लागली नाही. सगळ्या जन्मात पहिल्यांदाच ती रांग सोडून पुढं गेली होती. जाऊ दे, ती स्वतःला म्हणाली, पोरगं एकदा पोटभर जेवलं, की मग गल्ली बोलेना का आणखी वर्षभर हवेबद्दलच.

शनिवारी दुपारी क्लिफ आला. वाळला होता. तिनं त्याला जवळ घेतलं, त्यानं तिच्या गालाला हात लावला, आणि विनीबाई जागच्या जागी थबकली. हिवाळाभर जो वास तिनं बाजारभर शोधला, तो त्या हातांना होता. बोटांत, नखांत, कातडीत मुरलेला. साबणानं घासलेला, तरी पुरून उरलेला.

"काय काम देतात रे तुला?" तिनं विचारलं.

"सांगता येत नाही, आई. गुप्त आहे." क्लिफनं छाती पुढं काढली आणि हात खिशात घातले. मग त्याची नजर ओट्यावर गेली. तिथं ताटलीत कलेजी होती आणि शेजारी कांदा, सुरीची वाट पाहत. क्लिफचा चेहरा क्षणभर भोंगा ऐकल्यासारखा झाला. "कांदा!" तो म्हणाला. "वा. कांदाच की." आणि ओट्याकडे पाठ करून बसला.

देशातला सगळा कांदा कुठं जातो आणि तो कोण सोलतं, हे लष्करी गुपित विनीबाईला उलगडलं. ते फोडायचं नाही, हेही त्याच क्षणी ठरलं. पोराची छाती अजून पुढंच होती. तेवढ्यात दार वाजलं. हर्बर्ट होता. भर दुपारी काळे पडदे तपासायला आला होता, आणि तपासणी नाकानं चालली होती.

"हर्बर्ट, बरं झालं आलास," विनीबाई म्हणाली. "क्लिफ, माझ्या मनाला लागून राहिलंय बघ. हा कांदा विमाननिधीचा. संध्याकाळी परत देऊन येऊ या का? तुला वाईट वाटेल पण."

धोका टळल्याचा भोंगा वाजावा तसा क्लिफचा चेहरा उजळला. मग घाईघाईनं त्यानं तो पाडला. "वाटेल थोडं," तो म्हणाला. हर्बर्टनं टोपी काढली.

संध्याकाळी हॉलमध्ये पाद्रीणबाई बराच वेळ बोलल्या. वर्षानं घरी आलेल्या मुलाच्या तोंडचा घास काढून देशाला देणारी आई त्यांनी पाहिली नव्हती. बायकांनी रुमाल काढले. विनीबाईनं मान खाली घातली. ती लाजली असं सगळ्यांना वाटलं. क्लिफ हात खिशात घालून ताठ उभा होता. पुढच्या आठवड्यासाठी चहाची तीन आमंत्रणं दारातच मिळाली, आणि बँकेचा मॅनेजर तिच्याशी पावसाच्याही पलीकडे, थेट वसंत ऋतूपर्यंत बोलला.

घरी येऊन तिनं कलेजी नुसत्या मिठावर परतली, बाजूला सलगम आणि गाजर वाढलं. क्लिफनं ताटली पावानं पुसून घेतली.

"कांद्याशिवाय चाललं ना रे?" विनीबाईनं विचारलं.

"देशासाठी चालवून घेतलं, आई," क्लिफ म्हणाला, आणि आणखी वाढ म्हणून ताटली पुढं केली.