मामाजींचा रविवार

ज्या रविवारी माझे सासरे, म्हणजे मामाजी, वारले, त्याच रविवारी मी त्यांच्याविरुद्ध वकिलाकडे तक्रार केली.

हिंगणघाटच्या बस स्टँडवर उभा होतो. महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी आजोबांनी नातीला, म्हणजे माझ्या गौरीला, दहाला बापाकडे द्यायचं, पाचला परत न्यायचं... वर्ध्याच्या कोर्टाचा हा आदेश मला पाठ होता. त्यांच्या गावची, वडनेरची एक बस आली, दुसरी आली. गौरी नाही, मामाजी नाहीत, फोन बंद. येरझारा घालत मी वकीलसाहेबांना घरी फोन लावला आणि ‘आदेशाचा भंग’ असं मोठमोठ्यानं म्हणत ‘नोटीस काढा’पर्यंत पोहोचलो. त्यांनी वर्षाच्या, म्हणजे माझ्या पूर्वीच्या बायकोच्या, वकिलाला विचारलं आणि मला उलटा फोन केला. “अहो, ज्यांची तक्रार करून राह्यले ते पहाटेच गेले.”

मामाजी शेतकरी माणूस. घटस्फोटानंतर त्यांना काय म्हणावं हेच मला कळेना. पहिल्या रविवारी चाचरत ‘काका’ म्हणून पाहिलं. ते खांद्यावरचा दुपट्टा झटकत म्हणाले, “काऊन? काल-परवापर्यंत त मामाजी होतो.” पुढे धोंड्याचा महिना आला तेव्हा त्यांनी त्याच स्टँडवर, बसच्या धुरात, माझ्यापुढे अनारशांचा स्टीलचा डबा उघडला. जावयाला धोंड्याचं वाण द्यायचंच होतं त्यांना. मी म्हटलं, “मामाजी, आता कसला जावई?” तर म्हणाले, “कोर्टानं वर्षाले मोकळं केलं, जवाईबापू. मले कुठं केलं? खा गुपचूप.” कंडक्टर बघत होता. मी खाल्ले... गुपचूपच.

एक गोष्ट मात्र मला खुपायची. गौरीला घेऊन मी गावातल्याच माझ्या घरी जायचो आणि पाचला परत यायचो, तर मामाजी सकाळच्याच बाकावर. वडनेर काही लांब नाही. घरी जाऊन परत येता आलं असतं. पण ते त्याच डब्यात भाकरी आणायचे आणि दिवसभर तिथंच बसायचे. मी मनाशी पक्कं केलं, म्हातारा पहारा देतोय. वकिलांनाही तसं सांगून ठेवलं. मला वाटायचं, मी फार हुशार आहे.

मग एका रविवारी मला गौरीची वेणी घालायची हौस आली. रिबीन सापडेना, म्हणून मिठाईच्या खोक्याचा रबर लावला. तो केसांत असा गुंतला की मी ओढतोय आणि ती किंचाळतेय. ‘आई पाहिजे’ हे एकच सुरू. दुपारी हात टेकले आणि तिला स्कूटरवर घालून स्टँडवर आणलं. मामाजी बाकावर होतेच. त्यांनी तिला मांडीवर घेतलं, रबराची गाठ हलक्या हातानं सोडवली, भाकरी भरवली. ती तिथंच झोपली. मी निघालो तर माझी बाही धरली. “कुठं चालले? कोर्टानं पाच म्हटलं हाय. पाच वाजेपर्यंत बाप तुमीच.”

मी बसलो. विचारलं, “मामाजी, तुम्ही दिवसभर इथं काऊन थांबता?”

“पोरगी रडली त तुमी इथंच आणसान ना तिले. अन् मी नसलो त?”

त्या दुपारचं त्यांनी वर्षाला सांगितलं नाही, असं मी समजून होतो.

बातमी कळल्यावर वडनेरला गेलो. अंगणाच्या कडेला उभा राहिलो. वर्षानं एकदाच पाहिलं आणि आत गेली. नोटिशीचं तिच्या कानावर गेलं असणारच. त्यानंतर झोप नाही. आदेशात ‘आजोबा’ लिहिलेलं, कारण आम्ही दोघं समोरासमोर आलो की भांडतो. आता आजोबाच नाहीत. नवा अर्ज, नव्या तारखा... तोवर गौरीचे दुधाचे दात पडून नवे येतील आणि मी ते पाहिलेलेही नसतील. फोन हातात घ्यायचो, वर्षाचं नाव काढायचो, ठेवून द्यायचो.

चौथ्या रविवारी मी फार लवकर स्टँडवर पोहोचलो. मामाजींचा बाक रिकामा होता, पण बसवेना. पाणी प्यायलो, वेळापत्रक वाचलं, परत पाणी प्यायलो. दहाच्या सुमारास वडनेरची बस आली. सगळी माणसं उतरली असं वाटलं... आणि मग गौरी उतरली. मागून वर्षा.

वर्षा सरळ त्या बाकावर जाऊन बसली. पिशवीतून तोच स्टीलचा डबा काढून शेजारी ठेवला. मी म्हणालो, “ते वकिलाचं... मला खरंच माहीत नव्हतं...”

“बाबा म्हणत,” सैल झालेलं झाकण दाबून बसवत ती म्हणाली, “‘या माणसाले पोरीची वेणी घालता येत नाई, तो दिवस काय सांभाळन?’ मलेबी भरवसा नाई तुमचा. जा घेऊन तिले. मी हाय इथंच.”